मागे हात बांधून उभं राहायचं काम

पत्र

ताई, मी डोंबिवलीला राहते. वय 22. बारावी सायन्स, पीसीबी, 64 टक्के. त्याच वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. नीटचा फॉर्म भरला होता, पण परीक्षेला बसले नाही. पुढे बाहेरून बी. ए. केलं. दीड वर्षापासून ठाण्यातल्या एका चाइल्ड थेरपी सेंटरमध्ये ‘ओटी असिस्टंट’, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदतनीस आहे, पगार 11,000. सुरुवातीला खेळणी लावायची, मॅट पुसायच्या, मुलांना आतबाहेर करायचं, एवढंच काम होतं. आता रोज पाचसहा मुलं मी एकटी घेते. आमच्या थेरपिस्ट मॅडमची दोन सेंटरं आहेत, त्या आठवड्यातून दोनदा येतात. पालक मला थेरपिस्टच समजतात आणि मीही आता त्यांना काही सांगायला जात नाही. एका सहा वर्षांच्या मुलाची आई म्हणते, घरी येऊन थेरपी द्या, एका सेशनचे 500 देते.

दादरला एका इन्स्टिट्यूटमध्ये सहा महिन्यांचा ‘ओटी असिस्टंट डिप्लोमा’ आहे. शनिवार-रविवार, तीन-तीन तास, फी 85,000. न्यू जर्सीची आतेबहीण म्हणते, इकडे या कामाला चांगला पैसा आहे, सर्टिफिकेट घेऊन ठेव. बाबा म्हणतात, लोकांची पोरं खेळवायला डिप्लोमा कशाला लागतो? मला हे काम मनापासून आवडतं. काय करू?

स., डोंबिवली

उत्तर

प्रिय स.,

आधी एक सांगते, मग बाकीचं सावकाश बोलू. ते 85,000 भरू नकोस. घाईने सांगते आहे, कारण एकदा चौकशी केली की ‘मॅडम, शेवटच्या चारच सीट उरल्यात’ असे फोन सुरू होतात, आणि चौथ्या फोनला माणूस हो म्हणून बसतो.

हिशोब तूच करून बघ. आठवड्याला सहा तास, सहा महिन्यांचे आठवडे सव्वीस. झाले 156 तास. गणपती, दिवाळी आणि रविवारचा मेगाब्लॉक वजा केलास की दीडशेसुद्धा उरत नाहीत. आपल्याकडे 2021 मध्ये आरोग्यसेवेतल्या अशा सगळ्या सहयोगी व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात ‘सहयोगी आरोग्य व्यावसायिक’ म्हणवून घ्यायला किमान 2,000 तासांचं शिक्षण, तेही दोन ते चार वर्षांत पसरलेलं, अशी अट आहे. कुठे 156, कुठे 2,000! शिवाय महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीचं जे राज्य कौन्सिल आहे, 2002 च्या कायद्यातलं, तिथे नोंदणी होते ती थेरपिस्टची. ‘ओटी असिस्टंट’ असा वेगळा रकाना तिथे नाही. म्हणजे त्या डिप्लोमाचा कागद तू फ्रेम करून भिंतीवर लावू शकतेस, पण त्याच्या जोरावर कुठलाही नंबर तुला मिळणार नाही.

आतेबहीण खोटं बोलत नाही. अमेरिकेत ओटी असिस्टंट हा खरोखरच वेगळा, मान्यता असलेला पेशा आहे. पण तिथली वाट अशी: तिथल्या मान्यताप्राप्त कॉलेजात साधारण दोन वर्षांची असोसिएट डिग्री, त्यात निदान सोळा आठवडे प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम, मग राष्ट्रीय परीक्षा, मग त्या त्या राज्याचं लायसन्स. दादरचे शनिवार-रविवार या साखळीत कुठेच बसत नाहीत. आणि हे सगळं पार पाडलेली असिस्टंटसुद्धा तिथे थेरपिस्टच्या देखरेखीखालीच काम करते. मुलाची तपासणी करून उपचार काय द्यायचा ते ठरवणं तिच्या हातात नसतं. आतेबहिणीला एवढंच विचार की तिच्या ओळखीत जी असिस्टंट आहे, ती शिकली कुठे.

आता तुझ्या बाबांचा प्रश्न. त्यांच्यावर रागावू नकोस, या पेशाच्या नावानेच सगळा घोळ केला आहे. हॉस्पिटलात ‘ओटी’ म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं. मराठी पाटीवर ‘व्यवसायोपचार’ लिहिलेलं असतं. ते वाचून एका आजोबांनी मला सरळ विचारलं होतं, ‘पोराला धंद्याला लावून देता का इथे?’ मी तेव्हा हसले. पुढे वाटलं, आजोबा अगदीच चुकले नव्हते. माणसाचा रोजचा जो उद्योग असतो, अंघोळ, जेवण, शर्टाची बटणं, शाळेचं दप्तर, पोळ्या लाटणं, लोकलचा दांडा धरणं, त्या उद्योगाला त्याला परत लावून द्यायचं हेच आम्हा ऑक्युपेशनल थेरपिस्टांचं काम. ते आपल्या मुंबईत सुरू होऊन पाऊणशे वर्षं झाली. मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर इथल्याच होऊन गेलेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये परळला केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय सुरू केलं. 1952 मध्ये या पेशाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या दहा देशांत आपण होतो. बहीण तुला अमेरिका दाखवते आहे, आणि जी गोष्ट शिकायची ती डोंबिवलीहून लोकलने तासाभराच्या अंतरावरच्या स्टेशनाजवळ शिकवतात. गंमत आहे.

तुझ्यासारखं काम करणारा एक माणूस मी जवळून पाहिला आहे. त्याच्याबद्दल जरा लांबण लावते, कारण मला हे काम कोणत्याही प्राध्यापकापेक्षा त्याने जास्त शिकवलं.

1991 ची गोष्ट. मी इंटर्न होते, एका मोठ्या सरकारी रुग्णालयात. आमच्या विभागात एक अटेंडंट होते, सगळे त्यांना मामा म्हणत. कागदावर त्यांचं काम सामान लावणं, स्प्लिंटसाठी (हातापायाला आधार देणाऱ्या साच्यासाठी) पाणी तापवणं, पेशंटला वॉर्डातून आणणं-नेणं. एकदा लालबागचे एक गिरणी कामगार आले, उजवी बाजू गेलेली. मी त्यांना डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला बसवलं होतं. पहिल्या बटणाला सहा मिनिटं झाली, त्यांच्या कपाळावर घाम आला, बाहेर तीन पेशंट ताटकळलेले. मी पुढे वाकले आणि झटकन चारही बटणं लावून मोकळी झाले. ते गृहस्थ काहीच बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बंडी घालून आले. बटणांची भानगडच नको!

मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मॅडम, माझ्याकडे बघा, मी कसा उभा राहतो.’ तेव्हा माझ्या लक्षात आलं. पेशंट काही करत असला की मामा कायम हात मागे बांधून उभे असत, डाव्या मुठीत उजवं मनगट. मी इतके दिवस त्याला सरकारी नोकराचा आळस समजत होते. ते म्हणाले, ‘हात सुटे ठेवले की ते आपोआप पुढे जातात. म्हणून मी ते धरून ठेवतो.’

मदतीसाठी नेमलेल्या माणसाने मदत कधी करायची नाही, हे शिकणं या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. लहान मुलांत तर फारच. चार वर्षांचं पोर मोज्याशी झगडतंय, बाहेर आई घड्याळ बघतेय, आणि तुझा हात शिवशिवतोय. शेवटचा एक सेंटिमीटर त्याला ओढू द्यायचा असतो. पूर्ण मोजा नाही जमला तर टाचेपर्यंत तू चढव, पुढचं त्याचं. उद्या टाचेच्या अलीकडे थांब. हे तुला मॅडमने दाखवलं असेलच. नसेल दाखवलं, तर पुढचं नीट वाच.

रोज पाचसहा मुलं एकटीने घेणं बरोबर नाही. तुला काम येत नाही असं मला म्हणायचं नाही. तुझ्या पत्रावरून वाटतं, मुलांचा तुला लळा लागला आहे. पण प्रेमाने न दिसणाऱ्या गोष्टी असतात. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेतले अगदी वरचे दोन मणके एकमेकांशी सैल असतात. त्या मुलाला कोलांटी मारायला लावली किंवा ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायला लावल्या, तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. बाहेरून ते मूल इतरांसारखंच हसत-खिदळत असतं, उलट कोलांटीची त्यालाच जास्त हौस असते. फिट येणाऱ्या मुलाला झोक्यावर गरागरा फिरवायचं का, किती, हे असंच विचारून ठरवायचं असतं. जेवताना ठसका लागणाऱ्या मुलाला काय भरवायचं, मान कशी ठेवायची, हेही अंदाजाने करायचं नसतं. स्प्लिंट काढल्यावर कातडीवर लाल वळ दिसला आणि तो वीस मिनिटांत गेला नाही, तर तो स्प्लिंट पुन्हा चढवायचा नाही, थेरपिस्टला दाखवायचा. यातलं तुला किती माहीत आहे, मला ठाऊक नाही. माहीत असेल तर उत्तम. पण तू ज्या मुलाला घेतेस, त्याच्या बाबतीत यातलं काय लागू आहे, हे कुणीतरी तपासून फाईलवर लिहिलेलं असायला हवं, आणि ती फाईल तुला उघडता यायला हवी.

म्हणून मॅडमशी बोल. भांडू नकोस, नोकरीही सोडू नकोस. एवढंच म्हण की मला प्रत्येक मुलाचा प्लॅन लेखी द्या: काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि कधी थांबून तुम्हाला फोन करायचा. नवीन मुलाची पहिली तपासणी आणि दर काही आठवड्यांनी फेरतपासणी तुम्हीच करा. मधल्या सेशनना मी आहे. चांगली थेरपिस्ट यावर खूश होईल, कारण तिचं ओझं कमी होतं. कपाळाला आठ्या घातल्या, ‘तू जास्त डोकं चालवू नकोस’ असं उत्तर मिळालं, तर दुसरं सेंटर शोधायला लाग. ठाणे-मुलुंड पट्ट्यात दीड वर्षाचा अनुभव असलेल्या आणि मुलांना न घाबरणाऱ्या मुलीला काम मिळतं.

आणि पालक ‘थेरपिस्ट मॅडम’ म्हणाले की लगेच, तिथल्या तिथे सांग, ‘मी असिस्टंट आहे, थेरपिस्ट अमुक मॅडम.’ पहिल्यांदा जीभ अडखळेल. तू लिहितेस की आता सांगायला जात नाहीस. तिथे मला थोडी काळजी वाटली. लोक थेरपिस्टचे पैसे मोजून जातात, आत कोण आहे हे त्यांना कळायला हवं. या एका बाबतीत मी तुझी बाजू घेणार नाही.

यातूनच 500 रुपयांचं उत्तर निघतं. घरी जाऊन ‘थेरपी’ देऊ नकोस. 11,000 पगारात आठवड्याला दोन सेशन म्हणजे महिन्याला चार हजारांची भर, मला कळतं. पण तिथे तू एकटी, दार बंद, फाईल सेंटरमध्ये, आणि काही झालं तर निस्तरायला कुणी नाही. त्या आईची गरज मात्र खरी आहे. तिला ठाण्याची रिक्षा आणि अर्धा दिवस परवडत नसेल. मॅडमना सांग की या मुलाचा होम प्रोग्रॅम लिहून द्या, मी आईला तो समजावून सांगते. कणीक मळताना त्याच्या हातात गोळा कसा द्यायचा, डब्याचं झाकण कोणत्या हाताने धरायचं, सकाळी शाळेचा गणवेश चढवताना कुठे थांबायचं. हे काम असिस्टंट फार छान करू शकते, पुष्कळदा थेरपिस्टपेक्षा छान, कारण ती आईच्या भाषेत बोलते. बाप्पाच्या दिवसांत आई मोदक वळत असेल तर त्या पोराला पाऱ्या करायला बसव म्हणावं. बोटांच्या चिमटीला याहून चांगला व्यायाम मी हाताच्या व्यायामासाठी विकत मिळणाऱ्या पुट्टीतही पाहिला नाही.

सेशननंतर वहीत काय लिहितेस? ‘आज रडला, सहकार्य नाही’ असं असेल तर ते खोड. ‘झोक्यावर चार मिनिटं, पाय टेकलेले असताना ठीक, पाय उचलले की कान झाकले’ असं लिही. मॅडम आठवड्यातून दोनदाच येत असतील, तर त्यांचे डोळे म्हणजे तुझी वही. शिवाय पुढे कुठेही गेलीस, तरी हे लिहिण्याचं वळण तुझ्याबरोबर येईल. आणि कंबर सांभाळ. बारा-तेरा वर्षांचं मूल व्हीलचेअरवरून उचलायचं असेल तर आधी ब्रेक, मग पायाच्या पट्ट्या बाजूला, मग गुडघ्यातून वाकायचं, आणि दुसरं माणूस बोलवायला लाजायचं नाही. काखेत हात घालून ओढणारे बघितले की माझा जीव वर-खाली होतो, लुळ्या खांद्याची तर त्यात वाट लागते.

आता ‘नीट’ परीक्षेबद्दल. तू प्रश्नात हा विषय काढलाच नाहीस, फक्त ‘फॉर्म भरला होता’ एवढं लिहिलंस. पण ते वाक्य पत्रात आलं, म्हणजे ते अजून मनात आहे. नीटला वयाची वरची मर्यादा आता नाही. महाराष्ट्रात बीओटीएचला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीला, नीटवरच प्रवेश मिळतो आणि तो राज्याच्या सीईटी सेलच्या प्रवेशफेऱ्यांतून होतो. बारावीत पीसीबी आहे, टक्के पुरेसे आहेत, बी. ए. आड येत नाही. एमबीबीएसच्या मानाने कटऑफ बराच खाली असतो. 720 पैकी निम्मे गुण जीवशास्त्राचे, आणि ज्या मुलीने दीड वर्ष मुलांचे हातपाय रोज हाताळले आहेत तिला स्नायू आणि मज्जासंस्थेचे धडे पूर्वीइतके कोरडे लागणार नाहीत. भौतिकशास्त्र तेवढं डोकं खाईल, त्याला इलाज नाही.

परळला केईएमचं सेठ जी. एस., शीवचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, तिन्ही महापालिकेची कॉलेजं आणि तिन्हीकडे ही पदवी आहे. डोंबिवलीहून शीव सगळ्यात सोयीचं. आतापर्यंत हा अभ्यासक्रम सहा महिन्यांची इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा राहिला आहे. राष्ट्रीय आयोगाचे नवे नियम येताहेत, त्यामुळे वर्षं-महिने प्रवेशाच्या वेळच्या माहितीपत्रकातच बघ. अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी तू नोंदणीकृत थेरपिस्ट असशील. उशीर? माझ्या वर्गात दोन मुलांची आई होती, आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर आम्ही सगळ्या टेकलो की तिच्याचकडे बघायचो.

घरी पैशाची ओढ इतकी असेल की साडेचार वर्षं शक्यच नाहीत, तर तसं स्वतःशी स्पष्ट कबूल कर. मग भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा बघ. त्यानंतर परिषदेच्या नोंदवहीत तुझं नाव आणि नंबर येतो, विशेष शाळांत नोकरी मिळू शकते. ते शिक्षिकेचं काम आहे, थेरपीचं नाही, पण मुलं तीच. प्रवेशापूर्वी त्या संस्थेची मान्यता चालू आहे का, ते परिषदेच्या यादीत स्वतः तपास, संस्थेच्या माहितीपत्रकावर जाऊ नकोस. आणि असिस्टंटच राहायचं ठरवलंस, तरी त्यात कमीपणा नाही. मामा असिस्टंटच होते. फक्त पगाराचं बोल. सेंटर पालकांकडून सेशनचे किती घेतं हे तुला माहीत आहे आणि महिन्याला किती सेशन तू घेतेस हेही. तो आकडा कागदावर मांडून मॅडमपुढे ठेव.

माझं मत विचारशील तर या वर्षी नीटला बस. नोकरी चालू ठेव, शक्य असेल तर अर्धवेळ करून घे, पहाटे अभ्यास कर. 85,000 जमवलेच असतील तर त्यातले थोडे पुस्तकांवर आणि टेस्ट सिरीजवर घाल, उरलेले आईकडे ठेवायला दे.

एक गोष्ट पत्रात नाही. बाबांना सदरा कोण घालतं? आई घालत असेल, असा माझा अंदाज. येत्या रविवारी बाबांना टेबलाशी हात असलेल्या खुर्चीत बसव, पाय जमिनीला नीट टेकलेले. समोरून उघडणारा, जरा सैल सदरा त्यांच्या मांडीवर पसरव. लुळा हात आधी बाहीत, कोपराच्या वर सरकवून घ्यायचा, मग मागून फिरवून चांगला हात. काढताना उलटं, चांगला हात आधी बाहेर. बटणं खालून लावायला सुरुवात करायची, म्हणजे वर-खाली होत नाहीत. खांदा दुखला तर तिथेच थांब आणि शीवला ऑक्युपेशनल थेरपीच्या विभागात दाखवून घे. दुखत नसेल तर तू समोर उभी राहा, हात मागे, डाव्या मुठीत उजवं मनगट. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागतील, बाबा चिडतील, तुला शिव्याही देतील. तेवढा वेळ आईला स्वयंपाकघरातून बाहेर येऊ देऊ नकोस.